सामान्य ज्ञान : सीमेअलीकडचं, सीमेपलीकडचं – सात प्रश्न

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बहुधा एका राज्यापुरती लिहिलेली असतात. बेळगाव, गोवा, बडोदा, देवास अशा गावांना जोडणारी माहिती त्यात विखुरलेली सापडते. अशीच काही कोडी आणि प्रश्न इथे एकत्र दिले आहेत. उत्तर झाकून आधी स्वतः सांगून बघा.

१. तारीख एकच. बंगळूरला उत्सव, भोपाळला स्थापना दिन, बेळगावच्या मराठी भाषकांत काळा दिन. कोणती?
१ नोव्हेंबर. १९५६ साली याच दिवशी भाषावार राज्य पुनर्रचना अमलात आली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तर महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. ही दोन सालं एकमेकांत मिसळू नयेत.

२. खानापूरच्या जंगलात जन्मते, पणजीला नाव बदलून समुद्राला मिळते. कोण?
म्हादई, म्हणजेच मांडवी. लवादाने २०१८ मध्ये पाणी वाटून दिलं : गोवा २४, कर्नाटक १३.४२, महाराष्ट्र १.३३ टीएमसी.

३. गोवा मुक्ती दिन आणि घटक राज्य दिन एकच का?
नाही. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, घटक राज्य ३० मे १९८७ ला. मधली वर्षं दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, याचा जनमत कौल झाला १६ जानेवारी १९६७ ला, आणि कौल विलीनीकरणाच्या विरोधात गेला.

४. भाषा मराठी वळणाची, लिपी रोमन, लिहिणारा इंग्रज. ग्रंथ कोणता?
'क्रिस्तपुराण'. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापला गेला.

५. जन्म बेळगाव जिल्ह्यात, घर देवासला, गाणं सगळ्या देशाचं. कोण?
पंडित कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, सुळेभावी. खरं नाव शिवपुत्र कोमकळी. क्षयरोगामुळे हवापालटासाठी ते माळव्यात गेले आणि तिथलेच झाले.

६. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी कुठे?
बडोदा संस्थानात. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला, १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. ब्रिटिश हद्दीत मात्र गोखल्यांचं १९११ चं विधेयक फेटाळलं गेलं.

७. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी मुलाला मराठी शाळा मागता येते का?
घटनेचं कलम ३५०-अ सांगतं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा. ३५०-ब प्रमाणे राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतात. दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. मूळ कलम ३५० त्याआधीचं : त्यानुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं.

पहिले सहा प्रश्न परीक्षेत गुण मिळवून देतील. सातवा परीक्षेला नाही आला तरी पाठ असू द्यावा. पटसंख्या कमी म्हणून गावची मराठी शाळा बंद करण्याची गोष्ट निघते, तेव्हा अर्जात नुसती विनंती लिहिण्यापेक्षा कलमाचा आकडा लिहिलेला बरा.