आगगाडीचे तिकीट

प्रवासाच्या इतिहासात इंजिने, पूल आणि बोगदे यांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु ज्या चिटोऱ्यावाचून उतारूला गाडीत पाऊल टाकण्याचा अधिकार नाही, त्या तिकिटाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः तिकीट ही केवळ भाड्याची पावती नव्हे. इतके द्रव्य घेऊन तुला अमुक ठिकाणी सुखरूप पोहोचवीन, असे ते लेखी वचन होय. हे वचन कोणास मिळते, किती दूरपर्यंत मिळते आणि किती सायासाने मिळते, यावरून त्या त्या काळच्या समाजाची परीक्षा करता येते.

घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळी इंग्लंडात उतारूचे नाव वहीत नोंदवून घेत. ‘बुकिंग’ हा शब्द त्या वहीवरूनच आला. आगगाडी सुरू झाली तरी प्रथम कारकून प्रत्येक तिकीट हाताने लिहून फाडून देत असे. गर्दी वाढताच ही रीत तोकडी पडली. टॉमस एडमंडसन हा व्यवसायाने लाकडी सामान करणारा कारागीर. धंद्यात दिवाळे निघाल्यावर तो न्यूकॅसल-कार्लाइल लोहमार्गावरील मिल्टन या लहानशा स्टेशनावर नोकरीस राहिला. तेथे १८३६-३७च्या सुमारास त्याने जाड पुठ्ठ्याची, अनुक्रमांक छापलेली तिकिटे आणि त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र योजले. दिवसअखेर शेवटल्या अंकातून पहिला अंक वजा केला, की किती तिकिटे विकली आणि पेटीत किती रक्कम असावयास हवी, हे तत्काळ कळे. या योजनेने कारकुनाची लबाडी आणि उतारूचा खोळंबा या दोहोंनाही आळा बसला. हाच पुठ्ठ्याचा तुकडा पुढे संगणक येईपर्यंत हिंदुस्थानभर चालला.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती सुमारे ४०० निमंत्रित पाहुण्यांना घेऊन. तो सोहळा होता. लोकांचा प्रवास त्यानंतर सुरू झाला. १ मे १८५४ रोजी कल्याण, १ जानेवारी १८६१ रोजी कसारा आणि थळघाटाची अवघड चढण जिंकल्यावर १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरी, असा हा मार्ग सरकत गेला. जेथे पाणवठ्यावरही जात विचारली जात होती, तेथे तिकिटाच्या खिडकीवर केवळ दर्जा आणि दाम विचारले जाऊ लागले, ही क्रांती लहान नव्हे. परंतु जातीची उतरंड बाजूस सरली, तेथे दर्जाची उतरंड उभी राहिली. १९१७ साली महात्मा गांधींनी मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गाचा प्रवास केला. तिकिटास १३ रुपये ९ आणे पडले. डब्यावर २२ उतारूंची पाटी होती आणि आत वाटेत ३५पर्यंत माणसे कोंबली गेली. पैसे पुरते घेतले आणि वचन अर्धेच पाळले, असाच याचा अर्थ. ‘तिसरा वर्ग’ हे नाव जाण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

तिकिटाच्या वचनाची दुसरी कसोटी म्हणजे त्याची पोच. एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालावे आणि भाड्याची वाटणी कंपन्यांनी आपसांत करून घ्यावी, यासाठी १८४२ साली लंडनमध्ये हिशेबाची स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली. पुढे १९३६ साली तेथील गॅटविक विमानतळावरून पॅरिसला जाणाऱ्या उतारूस जे ४ पौंड ५ शिलिंगांचे तिकीट मिळे, त्यातच लंडनहून विमानतळापर्यंतचे पहिल्या वर्गाचे रेल्वेभाडे धरलेले असे. विमानतळाकडे धावणाऱ्या वेगवान गाड्यांचे मूळ या कल्पनेत आहे. आपल्या देशात अशी गाडी २०११ साली दिल्लीत सुरू झाली.

आता शहापूर तालुक्यातील उंबरमाळीचा विचार करू. खर्डी आणि कसारा यांच्यामधील हे लहानसे स्टेशन. या तालुक्यातील तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याला तिकीट लागत नाही. पण येथला एखादा तरुण परदेशी नोकरीस निघाला, तर मुंबईच्या विमानतळाकडे थेट नेणारी गाडी त्याला नाही. त्याने लोकलने घाटकोपर गाठावे, तेथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने मरोळ नाक्यास जावे आणि तेथे गाडी बदलून २०२४ साली उघडलेल्या भुयारी मेट्रोने विमानतळ गाठावा. शेजारच्या मुरबाडकराला तर आधी रेल्वेपर्यंतच रस्त्याने यावे लागते. वाहने तीन, चालक संस्था तीन. तेव्हा वचनेही तीन निरनिराळी घ्यावी लागत.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ या भ्रमणध्वनीवरील योजनेने लोकल, मेट्रो आणि बस चालविणाऱ्या अकरा संस्थांची तिकिटे एकत्र आणली. लंडनच्या त्या कचेरीनंतर १८३ वर्षांनी हा योग आला, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. तथापि येथे एक सावधगिरी हवी. एडमंडसनच्या पुठ्ठ्याचा थोरपणा हा, की ज्याच्या हाती नाण्यांखेरीज काही नव्हते आणि ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही ते मिळत असे. नव्या तिकिटास मात्र भ्रमणध्वनी, बँकेतील खाते आणि अखंड संदेशलहरी ही तिन्ही लागतात. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या लोकलला निघालेल्या बाईपाशी ही सामग्री असेलच, असे नाही. म्हणून नव्या सोयीचे स्वागत करताना जुनी खिडकी मिटू देऊ नये. विमानाकडे निघालेल्याला एका तिकिटाची सोय झाली, हे उत्तमच झाले; पण वचनाची खरी परीक्षा त्या पाटीवालीच्या तिकिटापाशी व्हावयाची आहे.