नाळेवरची मूर्ति

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकावर उतरून छत्रपति संभाजीनगरच्या उत्तरेकडील डोंगरांत गेलें, म्हणजे औरंगाबादचीं लेणीं लागतात. समुद्र तेथून शेंकडों किलोमीटर दूर. तरीही सातव्या लेण्यांत अवलोकितेश्वराभोंवतीं जीं आठ संकटें कोरलेलीं आहेत, त्यांत अग्नि, सर्प, सिंह आणि खवळलेला हत्ती यांच्या जोडीला फुटणारें जहाजही आहे. याचें नवल वाटावयास नको. त्याच्या कितीतरी शतकें आधींपासून पैठण व तेर येथील माल कल्याण, सोपारा आणि भडोच या बंदरांकडे जात होता. माल घाट उतरून खालीं गेला, आणि समुद्राचें भय घाट चढून वर आलें.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तर सबंध जहाजच रंगविलेलें आहे. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण हा पुढें भिक्षु झाला. त्याच्या भावाचें जहाज वादळांत सांपडलें असतां त्यानें तें तारलें, अशी ती कथा. या जहाजास तीन डोलकाठ्या आहेत, बाजूस वल्ह्यांच्या आकाराचीं सुकाणूं आहेत, आणि नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, डोळे रंगविलेले आहेत. ज्या लांकडावर जीवाचा भरंवसा ठेवून माणूस अथांग पाण्यांत शिरतो, त्या लांकडास वाट दिसली पाहिजे, ही त्यामागची भावना. प्राचीन ग्रीकांच्या गलबतांवर व चिनी जहाजांवरही असे डोळे काढीत. जहाज ही निर्जीव वस्तु नव्हे, ही समजूत एका देशाची नाहीं.

डोळ्यांमागून मुख आलें. धारच्या भोज राजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथांत नावेच्या अग्रभागीं सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक आणि मनुष्य यांचीं मुखें बसवावीं असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत सागरी नावेच्या तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, नाहीं तर समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील, असा इशारा आहे. कारागिरी व भय हीं दोन्ही तेथें एकाच पानावर नांदतात. उत्तरेकडील आइसलंडच्या जुन्या कायद्यानें तर किनारा दिसूं लागतांच जबडा वासलेलें शिर नाळेवरून उतरविण्याची आज्ञा केली होती. तें पाहून भूमीच्या रक्षक देवता बिथरतील, अशी त्यांची श्रद्धा होती.

युरोपांत पुढें या मूर्तींत जहाजाचा जीव असतो असें खलाशी मानूं लागले. मूर्तीस इजा होणें हा अपशकुन. आणि अपशकुन नसला तर निदान नामुष्की. १ जून १७९४ रोजीं इंग्रज व फ्रेंच आरमारांच्या लढाईंत ‘ब्रन्सविक’ जहाजावरील ड्यूकच्या मूर्तीची टोपी गोळ्यानें उडाली. ड्यूकनें बोडक्या डोक्यानें शत्रूसमोर जावें हें खलाश्यांस खपेना. तेव्हां कप्तान हार्वेनें स्वतःची टोपी काढून दिली आणि सुतारानें ती मूर्तीच्या डोक्यावर खिळ्यांनीं ठोकून बसविली.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या सागवानी जहाजांवरही अशा मूर्ति होत्या. १८१९ सालीं येथें बांधलेल्या ‘सेरिंगपटम’ जहाजाची मूर्ति आज ग्रीनिचच्या संग्रहालयांत आहे. पक्ष्यावर आरूढ झालेला, हातीं छत्री धरलेला हा पुरुष टिपू सुलतान असावा असें मानतात. टिपू १७९९ सालीं श्रीरंगपट्टणास पडला. वीस वर्षांनीं जेत्यांच्या जहाजास त्याच्या राजधानीचें नांव मिळालें. भयापोटीं निघालेली मूर्ति येथें विजयाची निशाणी झाली. मुंबईचेंच १८१५ सालचें ‘वेलस्ली’ जहाज १९४० सालीं टेम्स नदींत जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यानें बुडालें. त्याची मूर्ति मात्र चॅटमच्या गोदींत अजून उभी आहे. जहाजाचा जीव मूर्तींत असतो, असें म्हणणाऱ्या खलाश्यास यापरतें प्रमाण कोणतें हवें होतें?

चांचेगिरीच्या कादंबऱ्यांनीं या मूर्तींस नवें आयुष्य दिलें. स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’मधील मुलगा ब्रिस्टलच्या धक्क्यावर दूरच्या समुद्रांवरून आलेल्या मूर्ति पाहूनच भारावून जातो. त्याच कादंबरींतील पोपट गोव्याहून निघालेल्या जहाजाच्या लुटीस हजर होता असें म्हटलें आहे. १७२१ सालीं गोव्याच्या निवृत्त व्हाइसरॉयला घेऊन लिस्बनकडे निघालेलें पोर्तुगीज जहाज रियुनियन बेटापाशीं चांच्यांनीं खरोखरच लुटलें होतें. परंतु खरे चांचे बहुधा लुटलेल्याच जहाजांवर फिरत. नाळेवर सांगाडे व राक्षस कोरवून घेण्याइतकी सवड त्यांस कुठली? ती भीषण शोभा मुख्यतः कथाकारांची.

कथाकारांनीं कोंकणच्या कान्होजी आंग्र्यांवरही अशीच एक मूर्ति ठोकली. इंग्रजांच्या कागदांत ते चांचे. मराठ्यांच्या राज्यांत ते सरखेल. त्यांचा दस्तक न घेणारीं जहाजें ते पकडीत, आणि पोर्तुगीज आपल्या परवान्यासाठीं दुसरें काय करीत होते? आंग्र्यांच्या गुराबेच्या नाळेवर दोन तोफा पुढें रोखलेल्या असत. समुद्रास भिवविणारें त्यांचें मुख तें. कान्होजी १७२९ सालीं वारले. तरी २००७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटांत संभाजी आंग्रे या नांवाचा चांच्यांचा सरदार झळकलाच. इकडे भारतीय आरमारानें १९५१ सालींच आपल्या मुंबईच्या तळास ‘आंग्रे’ हें नांव दिलें होतें.

लांकडावर कोरलेलें मुख वादळांत झिजतें. कागदावर कोरलेलें मात्र लवकर झिजत नाहीं. म्हणून तें कोणाच्या हातानें कोरलें गेलें, हें पाहावें लागतें. कोंकणचा कोळी आजही नारळी पौर्णिमेस होडी सजवितो, समुद्रास नारळ वाहतो आणि मगच शीड उभारतो. सातव्या लेण्यांतील फुटणाऱ्या जहाजावरच्या माणसांनीं हात जोडले होते, ते याच समुद्राच्या भयानें.