वातीचें पाणी

झाडाला पाणी घालणें हें अगदीं सोपें काम, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आफ्रिकन व्हायोलेटची एक कुंडी वर्षभर जगवून पाहावी. हें चिमुकलें झाड मूळचें पूर्व आफ्रिकेंतील उसांबारा डोंगरांतलें. १८९२ सालीं तेथील जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल याच्या दृष्टीस तें पडलें व त्याच्या मार्फत जर्मनीस पोंचलें. पुढच्याच वर्षीं वेंडलँड नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्या घराण्यावरून त्यास सेंटपॉलिया असें नांव दिलें. खडकाच्या कपारींत, शेवाळाच्या ओलाव्यावर, सावलींत वाढणें हा त्याचा जातिस्वभाव. ओल त्यास हवी. सांचलेलें पाणी मात्र सोसत नाहीं. शहरांतल्या खिडक्यांतून हीं झाडें दगावतात, तीं बहुधा मालकाच्या अति काळजीनेंच.

यावर योजलेला उपाय म्हणजे वात. कुंडीच्या बुडाच्या छिद्रांतून एक बारीक दोरी मातींत घ्यावयाची व तिचें दुसरें टोक खालच्या भांड्यांतील पाण्यांत सोडावयाचें. समईची वात ज्या शक्तीनें तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणानें ही दोरी पाणी वर नेते. समईंत जेवढें तेल जळतें तेवढेंच वर चढतें. येथेंही पानांतून व मातींतून जेवढें पाणी उडून जातें, सुमारें तेवढेंच खालून येतें. परंतु हा हिशेब माती हलकी व सच्छिद्र असेल तरच जमतो. काळी चिकण माती घातली कीं ती पाणी धरून बसते, मुळांस हवा मिळत नाहीं आणि तीं कुजतात. सुती वातही कांहीं दिवसांनीं कुजते, म्हणून नायलॉनची बारीक दोरी बरी. ती आधीं भिजवून घ्यावी. भांड्यांतील पाणी कुंडीच्या बुडास लागूं देऊं नये, नाहींतर वात लावून फायदा काय?

आपल्याकडे ही कल्पना अगदींच नवी नव्हे. फक्त तिची दिशा उलटी होती. वैशाखांत तुळशीवर गळती बांधण्याची चाल घरोघर होती. घड्याच्या बुडाशीं एक छिद्र, त्यांत दर्भाची किंवा चिंधीची वात, आणि तींतून दिवसभर ठिबकणारें पाणी. अमरकोशांत ‘गलंतिका’ हा शब्द जलपात्राच्या नांवांत येतो. शिवालयांतील अभिषेकपात्रही त्याच जातीचें. वात घट्ट बसविली कीं थेंब मंदावतो, सैल केली कीं धार लागते, हें ज्ञान घरांतील वृद्ध स्त्रियांस कोणी शिकवावें लागत नसे.

हाच हिशेब शेताच्या मापानें मांडलेला पाहावयाचा तर खानदेशांत यावें. मुंबई–आग्रा रस्ता व सुरत–भुसावळ लोहमार्ग या दोहोंवर असलेला नरडाणा गांव शिंदखेडें तालुक्यांतला. तालुका अवर्षणाचा, पावसानें ओढ दिली कीं विहिरींचा तळ दिसतो. याच तालुक्यांत मुडावद येथें पांझरा तापीस मिळते, आणि त्या पांझरेच्या वरच्या अंगास, साक्री व धुळें तालुक्यांत, फडपद्धति शतकानुशतकें नांदली. नदींत ठेंगणा बंधारा, त्यांतून निघालेला पाट, आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड. एका फडांत एकच पीक. उसाचा फड यंदां येथें, तर पुढें दुसरीकडे. बहुतेक बागाइतदारांची थोडथोडी जमीन प्रत्येक फडांत असे, म्हणून एकाचा फायदा व दुसऱ्याचा तोटा असा प्रश्न सहसा उठत नसे. पाणी कमी पडलें तर एखादा फड पडीक ठेवीत. पाणी पाजण्याचें काम शेतकऱ्याचें नव्हे, पाटकऱ्याचें. त्याचा मोबदला धान्यांत. आपल्या शेताची तहान आपणच ठरवावयाची नाहीं, ही तजवीज फार शहाणपणाची होती.

१८८४ सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरलेला एक तरुण इंजिनियर धुळें भागांत येऊन दातर्ती येथें पांझरेच्या पाटासाठीं नळाचें वक्रनलिकेचें काम बांधून गेला. तो म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नीरा कालव्यासाठीं त्यांनीं गट पाडून, उसाची जागा पाळीपाळीनें बदलणारी पद्धति सुचविली. तिचें फडाशीं असलेलें साम्य नुसत्या योगायोगाचें मानणें कठीण आहे.

नीरेच्या खोऱ्यांत तिची गरज मोठी होती. १८८५ सालीं डावा कालवा सुरू झाला. पाणी मुबलक, ऊस नगद पीक, म्हणून शेतकऱ्यांनीं शेतें अक्षरशः बुडविलीं. कांहीं वर्षांतच चांगल्या जमिनींवर पांढरा खार फुटला. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं १९१० सालीं या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कारण गमतीचें, पण भयंकर आहे. अति पाण्यानें भूमिगत पाण्याची पातळी वर येते. मग तें पाणी मातीच्या बारीक रंध्रांतून, वातींतून चढावें तसें, पृष्ठभागापर्यंत येतें, उन्हानें उडून जातें, आणि त्यांतील क्षार मागें राहतात. कुंडीस जगविणारी शक्तीच येथें शेत मारते.

कुंडींतही हा खार दिसतो. मातीवर पांढरी पापडी धरते. म्हणून वातीवर वाढविलेल्या झाडास महिन्यांतून एकदां वरून स्वच्छ पाणी घालून तें बुडांतून पूर्ण निथळूं द्यावें व खालचें भांडें धुऊन पुन्हां भरावें. पानांवर मात्र थंड पाणी सांडूं देऊं नये, डाग पडतात. शेतास अशी आंघोळ घालावयाची तर निचऱ्याचे चर खणावे लागतात, आणि तो खर्च एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतला नसतो. पांझरेकांठीं उतारावरच्या फडांतून जादा पाणी पुन्हां नाल्यांत, नदींत उतरे. पुढें वर धरणें झालीं, विहिरींवर विजेचे पंप बसले, जो तो आपल्या मर्जीनें पाणी घेऊं लागला, तसे अनेक फड मोडत गेले. तरीही कांहीं गांवीं जुने बंधारे उभे आहेत, आणि पाट वाहता असला कीं पाटकऱ्याची वाट अद्याप पाहिली जाते.