हेमलकशात आधी मत आले

हेमलकशाचे नाव निघाले की मराठी वाचक २३ डिसेंबर १९७३ या दिवशी जाऊन थांबतो. त्या दिवशी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मीही या भागाचा इतिहास तेथूनच धरत असे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा अभ्यास करताना मात्र ध्यानात आले, की दवाखान्याच्या एकवीस-बावीस वर्षे आधीच येथील माडियाला मताचा हक्क मिळाला होता.

हा हक्क केवढा मोठा होता, हे आधीची स्थिती पाहिल्यावर कळते. इंग्रजी अमदानीत हा मुलूख चांदा जिल्ह्यातील अहेरी जमीनदारीत होता. १९३५ च्या कायद्याखाली ही जमीनदारी ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरली. प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या आदेशाशिवाय येथे लागू होत नसे. मतासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. देशभरात मतदार सुमारे तीन कोटी. जंगलातला माडिया त्यात कसा बसणार?

३१ मार्च १९५१ रोजी तत्कालीन मध्य प्रदेशातील जमीनदारी संपली, आणि त्याच हिवाळ्यात निवडणूक आली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत. मतदार सतरा कोटींवर. बहुसंख्य निरक्षर, म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली व तीवर चिन्ह लावले. बैलजोडी, झाड, झोपडी, पणती. शिक्का मारायचा नव्हता. हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. देशभर सुमारे वीस लाख पोलादी पेट्या लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या एस्टोनियानेही १९१९ साली स्त्रियांसह सर्व प्रौढांच्या मतांवर घटना समिती निवडली; पण तेथील मतदार बहुतेक साक्षर होता. आपण अक्षराची वाट पाहिली नाही.

चांद्यातून काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली लोकसभेत गेले. १९६२ साली तेथूनच पानाबरसचे गोंड जमीनदार लाल श्याम शाह अपक्ष म्हणून निवडून आले आणि आदिवासींच्या प्रश्नांवर मुदतीपूर्वीच राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे मत पोहोचले, प्रतिनिधीही दिल्लीला पोहोचला. गाऱ्हाणे मात्र वाटेतच राहिले.

भामरागडला पर्लकोटेच्या काठी उभा असताना हाच हिशेब माझ्या मनात होता. निरक्षर माणूस मतदानाला लायक आहे का, असा प्रश्न १९५२ साली अनेक शिकलेले लोक विचारीत. त्याचे उत्तर मतदाराने तेव्हाच दिले. दुसरा प्रश्न सरकारला विचारायचा होता : जंगलपहाडांत पेट्या नेता येतात, तर औषध आणि पाटी का नेता येत नाही? त्याचे उत्तर मिळायला हेमलकशाला १९७३ उजाडावे लागले, आणि तेही सरकारकडून आले नाही.