हात धुतल्यावर पाणी जाते कोठे?

आमचे एक आप्त सावेडी येथील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. भेटीच्या वेळी नेलेले सूप थोडे उरले, ते आम्ही हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतू लागलो. सिस्टरांनी तत्काळ अडविले. ‘हे बेसिन केवळ हातांसाठी आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. आम्हांला तो काटेकोरपणा अती वाटला. पुढे इतिहास चाळला, तेव्हा आमची चूक उमगली.

हात धुण्याचा आग्रह धरला तो इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांनी. व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासत. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शेकडा सुमारे १८ माता दगावल्या. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही त्यांची उपेक्षाच झाली. १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला.

हात स्वच्छ झाले, पण हातांवरून उतरलेले जंतू कोठे जातात, हा प्रश्न उरला. येथे मुंबईची आठवण होते. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचे निदान केले ते मूळ गोव्याचे, आपल्याच समाजातील डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. रोग घाणीत आहे असे मानून नगरपालिकेने गटारांतून कार्बोलिक आम्लाचे पाणी सोडले. प्लेग हटला नाही. तो उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. जंतूचे घर न ओळखता ओतलेले औषध वाया जाते, हा त्या वर्षांचा धडा होय.

बेसिनखालच्या बाकदार नळीत पाणी सदैव साचलेले असते. तेथे जंतू बुळबुळीत थर करून राहतात. वरून ओतलेले जंतुनाशक क्षणात वाहून जाते आणि थर तसाच राहतो. सूप, सलाइन, दूध हे तर त्यांचे अन्नच. मग नळाची धार जाळीवर आदळली, की शिंतोड्यांबरोबर जंतू बाहेर येतात. टोरंटोच्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात ३६ रुग्णांपर्यंत औषधांना न जुमानणारा जंतू असाच पोहोचला. शिंतोडे मीटरभर उडत होते. बेसिनची रचना आणि वापराची रीत बदलली, तेव्हाच साथ थांबली.

म्हणून आज सांगितले जाते, की धार थेट जाळीवर पडू नये, औषधे व सुया बेसिनजवळ मांडू नयेत. पुसताना आधी नळ, मग भांडे, शेवटी जाळी हा क्रम ठेवावा, म्हणजे खालची घाण वर चढत नाही. जंतुनाशक नळीत ठरावीक वेळ टिकेल अशी योजना असावी व ते पुनःपुन्हा वापरावे.

आपल्या जुन्या चर्चच्या सॅक्रिस्टीत कित्येकदा एक वेगळे भांडे आढळते. त्यास सॅक्रारियम म्हणतात. वेदीवरील पवित्र वस्त्रे प्रथम धुतलेले पाणी त्यात ओततात. त्याची नळी गटाराला न मिळता थेट मातीत उतरते. दुसरे काही त्यात ओतावयाचे नाही, हे सॅक्रिस्टनला कोणी दोनदा सांगत नाही. आजाऱ्याच्या उशाशी असलेल्या बेसिनलाही असाच मान द्यावयास हवा.

पुढच्या भेटीत आम्ही डबा घरी आणून विसळला.