कोकणातले विष, मुंबईतला अहवाल

मुंबई इलाख्यात विषाची शास्त्रीय तपासणी आणि त्या तपासणीविषयीचे लेखन एकाच ठिकाणी वाढले. ते ठिकाण म्हणजे भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज. १८४५ साली सुरू झालेल्या या कॉलेजात पुढे सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून सीलबंद बरण्या तिच्याकडे येऊ लागल्या. रत्नागिरी जिल्हाही त्याच वाटेवरचा.

संशयास्पद मृत्यू झाला की पंचनामा, मग शवविच्छेदन, आणि विषाचा संशय असेल तर व्हिसेरा म्हणजे आतले अवयव राखून ठेवायचे, हा क्रम आजही तोच आहे. जठर आणि त्यातले द्रव्य एका बरणीत, यकृत व मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, वर मिठाचे संपृक्त पाणी किंवा स्पिरिट. दारूनेच मृत्यू झाल्याचा संशय असेल तर स्पिरिट वापरायचे नाही, कारण मग पोटातली दारू कुठली आणि बरणीतली कुठली हे सांगता येत नाही. झाकणावर लाख, लाखेवर मोहर, आणि त्या मोहरेचा नमुना वेगळ्या कागदावर. रत्नागिरीहून मुंबईला जायचे तर किनाऱ्याची बोट हा सोयीचा मार्ग होता. पावसाळ्यात बोटी बंद पडल्या की घाटवाटाच उरत. दमट हवेच्या या किनाऱ्यावर मिठाच्या पाण्याला केवढी किंमत होती, ते वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळेत सर्वांत आधी शोध घ्यायचा तो सोमलाचा. जेम्स मार्श यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत नमुन्यातून निघालेला वायू तापलेल्या काचनळीतून जाऊ देत. सोमल असेल तर नळीच्या थंड भागावर काळपट, आरशासारखा चकचकीत थर धरे. धोत्र्याची परीक्षा याहून साधी आणि थोडी चमत्कारिक होती. अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालायचा. बाहुली मोठी झाली तर संशय बळावला. वाटसरूंना खाण्यातून धोत्रा देऊन लुटण्याचे प्रकार त्या काळी देशभर होत, त्यामुळे ही परीक्षा वारंवार करावी लागे.

या प्रयोगशाळेचे विश्लेषक आणि कॉलेजातले रसायन व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक इसिडोर बर्नाडोट लायन यांनी १८८९ साली हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्याआधी नॉर्मन चेव्हर्स यांचा बंगाल व वायव्य प्रांतांसाठीचा ग्रंथ १८५६ साली निघाला होता. लायन यांच्या पुस्तकाचे बळ त्यातल्या प्रत्यक्ष प्रकरणांत आहे. बचनाग, कण्हेर, बिब्बा त्यांना इथल्या बरण्यांनी शिकवले. पुढे हे पुस्तक एल. ए. वॅडेल यांनी संपादित केले; तिबेटच्या बौद्ध धर्मावर लिहिणारे वॅडेल ते हेच.

मराठी माणसाने या विषयात लिहिल्याचे ठळक उदाहरण डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे. १८४९ साली जन्मलेल्या या सरकारी सर्जनांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई प्रांतातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. १८९० च्या दशकात ती क्रमाने येत राहिली. काजरा, कळलावी, धोत्रा, पिवळी कण्हेर या कोकणातल्या परसदारी, बांधावर, रानात भेटणाऱ्या झाडांची शास्त्रीय ओळख न्यायालयासाठी किती उपयोगाची, हे बरणीत अर्धवट पचलेले बी सापडल्यावर कळते. विश्लेषकाला रसायन येत असे, वनस्पती ओळखू येईलच असे नव्हते. म्हणून लायन यांच्या पुस्तकाइतकीच ही लेखमाला मोलाची मानावी लागते, जरी तिचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० ने रासायनिक परीक्षकाचा सहीचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येईल अशी सोय केली. १९७३ च्या संहितेत ती कलम २९३ मध्ये आली. कागदच साक्षीला उभा राहू लागल्याने परीक्षकाचा वेळ वाचला, पण अहवाल मात्र आखूड झाले. ‘विष आढळले’, ‘आढळले नाही’ एवढ्यावर काम भागू लागले. तपशीलवार लिहायचे तर नियतकालिक हवे, आणि तिथे लिहिणारे बहुतेक जण कॉलेजांच्या शहरांतले. जिल्हा रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्रकरणे पुरवली, पण लेखांवर त्यांची नावे क्वचित आली. अपवाद रत्नागिरीशेजारच्या रायगडात सापडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. विषय उपचाराचा असला तरी विष कोकणातलेच होते.

भारतीय न्यायवैद्यक अकादमीची नोंदणी १९७४ साली पणजीत झाली आणि तिच्या नियतकालिकाने देशातल्या डॉक्टरांना हक्काची जागा दिली. २००० साली दिल्लीचे डॉ. अनिल अग्रवाल यांनी न्यायवैद्यक व विषशास्त्राचे इंटरनेटवरचे नियतकालिक सुरू केले. छपाई आणि टपाल यांचा खर्च गेला, रंगीत छायाचित्रे देणे सोपे झाले. मृताची ओळख झाकणे आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर हात राखून लिहिणे ही बंधने मात्र तशीच राहिली.

भायखळ्याचे काम पुढे सांताक्रूझच्या कलिना भागातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे गेले. नागपूर, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा झाल्या, आणि अलीकडे रत्नागिरीलाही लघु प्रयोगशाळा मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यामुळे नमुना गोळा करणारा आणि तपासणारा यांच्यातले अंतर कमी होत आहे.