अली विरुद्ध मार्सियानो : कधीच न झालेली लढत

आत्याबाईला मिशा असत्या तर, या धर्तीचे प्रश्न क्रीडारसिकांना फार आवडतात. हेवीवेट मुष्टियुद्धात तर अशा प्रश्नांना शंभर वर्षांची परंपरा आहे. जॅक डेम्प्सी आणि जो लुई समोरासमोर आले असते तर? ऐन भरातल्या माइक टायसनपुढे मुहम्मद अलीचा निभाव लागला असता काय? निरनिराळ्या काळातील जगज्जेत्यांना एकाच रिंगणात उतरवण्याचा हा खेळ बहुधा गप्पांपुरताच राहतो. मात्र १९६७ ते १९७० या काळात तो संगणकाच्या साहाय्याने खेळला गेला, न्यायालयापर्यंत पोहोचला आणि अखेर चित्रपटगृहांच्या पडद्यावर झळकला.

संगणकाची स्पर्धा

या प्रयोगाचा जनक होता मायामीचा नभोवाणी निर्माता मरे वोरोनर. १९६७ साली त्याने हेवीवेट गटातील १६ जगज्जेत्यांची एक काल्पनिक बाद फेरीची स्पर्धा आखली. प्रत्येक मुष्टियोद्ध्याचा वेग, ठोशातील ताकद, मार सोसण्याची क्षमता, बचाव, दमसास, जिद्द अशा अनेक गुणांचे मूल्यमापन जाणकारांकडून करून घेण्यात आले. ही माहिती 'एनसीआर ३१५' या संगणकात भरण्यात आली. संगणकाने दिलेल्या निकालाबरहुकूम प्रत्येक फेरीचे धावते वर्णन लिहिले गेले आणि ते नभोवाणीवरून असे प्रसारित झाले, की जणू लढत त्याच क्षणी चालू आहे.

अंतिम सामन्यात रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत बाद केले. खळबळ उडवली ती मात्र त्याआधीच्या एका निकालाने. उपांत्यपूर्व फेरीत जिम जेफ्रीजने अलीवर मात केल्याचे जाहीर झाले होते.

अलीचा संताप

या निकालाचे अलीला एवढे का लागावे, हे समजण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. २२ मार्च १९६७ रोजी झोरा फोलीला हरवून अलीने आपले जगज्जेतेपद राखले. त्यानंतर सुमारे महिनाभराने, २८ एप्रिल रोजी, व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात दाखल होण्यास त्याने नकार दिला. त्याचा परवाना रद्द झाला, जेतेपद काढून घेण्यात आले आणि जूनमध्ये न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा व दहा हजार डॉलर दंड ठोठावला. अपील प्रलंबित असल्याने तो तुरुंगाबाहेर होता. पण रिंगणाची दारे त्याला बंद झाली होती. खऱ्या लढतीत कधीही न हरलेला हा पंचविशीतला जगज्जेता आता कागदावर हरला होता आणि रिंगणात उतरून उत्तर देण्याची सोयही त्याला उरली नव्हती.

शिवाय जेफ्रीज हे नावही साधे नव्हते. जेतेपद हाती असताना या गोऱ्या मुष्टियोद्ध्याने कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनशी लढण्याचे टाळले आणि १९०५ मध्ये निवृत्ती पत्करली. १९०८ साली जॉन्सन सिडनीत पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्यांची प्रतिष्ठा परत मिळवण्यासाठी जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत पराभूत केले आणि त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. त्याच जेफ्रीजकडून अली हरल्याचे संगणकाने सांगावे, हा योगायोग अनेकांना खटकला. अलीने वोरोनरवर अब्रूनुकसानीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. वादावर तडजोड निघाली ती नव्या काल्पनिक लढतीच्या रूपाने. या वेळी प्रतिस्पर्धी होता मार्सियानो.

पडद्यावरील झुंज

४९ लढतींत ४९ विजय, त्यांपैकी ४३ बाद करून, अशी कामगिरी नोंदवून मार्सियानो १९५६ साली अपराजित अवस्थेत निवृत्त झाला होता. १९६९ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी त्याचे वय ४५, तर अलीचे २७ होते. मार्सियानोने या लढतीसाठी बरेच वजन घटवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. मायामीच्या स्टुडिओत दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तरहून अधिक फेऱ्या चित्रित केल्या. शेवट वेगवेगळ्या प्रकारे चित्रित झाले आणि त्यांतील कोणता वापरला जाणार, हे दोघांनाही सांगण्यात आले नाही.

मार्सियानोला तो कधीच कळला नाही. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६वा वाढदिवस होता. २० जानेवारी १९७० रोजी सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत हा चित्रपट दाखवण्यात आला. तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी, असा तो निकाल होता. संगणक अलाबामात, म्हणजे वर्णभेदासाठी कुख्यात असलेल्या राज्यात, तयार झाला असावा, असा टोमणा अलीने मारल्याचे सांगितले जाते.

तुलनेतील अडचणी

संगणकाने अंक मांडले हे खरे. पण ते अंक माणसांच्या मतांवरून ठरलेले होते. मत बदलले, की निकालही बदलणार. त्याखेरीज अशा प्रत्येक तुलनेत काही मूलभूत अडचणी येतात.

पहिली अडचण शरीरयष्टीची. मार्सियानोची उंची ५ फूट १० इंच व वजन साधारण ८४-८५ किलो. अलीची उंची ६ फूट ३ इंच, तर हातांचा पल्ला मार्सियानोपेक्षा सुमारे दहा इंचांनी अधिक. आजच्या नियमांनुसार ९०.७ किलोपर्यंतचे मुष्टियोद्धे क्रूझरवेट गटात मोडतात. म्हणजे मार्सियानो आज हेवीवेट ठरलाही नसता. तथापि, आकार म्हणजे सर्वस्व नव्हे. १९१९ साली टोलेडो येथे डेम्प्सीने आपल्यापेक्षा २५ किलोंहून अधिक वजनाच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवले होते. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे ओलेक्झांडर उसिकने सहा फूट नऊ इंच उंचीच्या टायसन फ्युरीला गुणांवर हरवले, तेव्हा तोही वजनाने १५ किलोंहून अधिक हलका होता.

दुसरी अडचण नियमांची. जॉन्सन-जेफ्रीज लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. पुढे जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या झाल्या. १९८२ साली कोरियन मुष्टियोद्धा किम दुक-कू याचा लढतीतील दुखापतीने मृत्यू झाल्यानंतर, त्याच दशकात, त्या १२ फेऱ्यांवर आल्या. डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या शेजारीच उभा राहून, तो उठताक्षणी पुन्हा ठोसे लगावत असे. प्रतिस्पर्धी पडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जाण्याचे बंधन पाळण्यास विलंब झाल्यानेच १९२७ मध्ये जीन टनीविरुद्धच्या लढतीत त्याची संधी हुकली, असे त्याचे चाहते मानतात. मग काल्पनिक लढत कोणाच्या नियमांनी खेळवायची?

वास्तवातील पिढीसंघर्ष

दोन पिढ्या प्रत्यक्षात भिडल्याची उदाहरणेही आहेत. पण तेथे काळच तराजूत पासंग टाकतो. १९५१ साली मार्सियानोने जो लुईला आठव्या फेरीत बाद केले, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. १९८८ मध्ये टायसनने चौथ्या फेरीत लोळवलेला लॅरी होम्स ३८ वर्षांचा होता. आर्ची मूर हा मार्सियानो आणि अली या दोघांशीही लढलेला प्रतिस्पर्धी. त्याला १९५५ मध्ये मार्सियानोने नवव्या, तर १९६२ मध्ये अलीने चौथ्या फेरीत हरवले. परंतु दुसऱ्या लढतीच्या वेळी मूरने चाळिशी ओलांडली होती. याला सणसणीत अपवाद जॉर्ज फोरमनचा. १९७४ साली किन्शासात अलीकडून हरलेल्या फोरमनने वीस वर्षांनंतर, वयाच्या ४५व्या वर्षी, मायकेल मूररला बाद करून पुन्हा जगज्जेतेपद मिळवले.

हुकलेल्या लढती

काळामुळे न झालेल्या लढतींबरोबरच माणसांनी होऊ न दिलेल्या लढतींचाही हिशेब मांडायला हवा. १९१५ मध्ये जॉन्सनचे जेतेपद गेल्यानंतर १९३७ साली लुईला संधी मिळेपर्यंत, तब्बल २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स हा डेम्प्सीचा समकालीन आणि त्याचा प्रबळ आव्हानवीर; ती लढत वर्षानुवर्षे चर्चेत राहिली, झाली मात्र नाही. त्यामुळे त्या काळातील गोऱ्या जगज्जेत्यांचे विक्रम संगणकात भरताना, ते कोणाशी लढले याइतकेच कोणाशी लढले नाहीत, हेही पाहावे लागते.

अलीच्या बाबतीतही हेच. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटा येथे जेरी क्वारीविरुद्ध तो पुन्हा रिंगणात उतरला आणि २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरवली. दरम्यान वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची, मुष्टियोद्ध्याच्या ऐन उमेदीची, साडेतीन वर्षे निघून गेली होती. त्या वर्षांत तो कोणत्या उंचीवर पोहोचला असता, याची नोंद कोणत्याही विक्रमपुस्तिकेत नाही. आणि संगणकाला अलीची जी माहिती पुरवली जाते, तीत ही वर्षे कोरीच असतात.